निदानानंतरची पंचवीस वर्षे

आपल्या घरांत आयुष्य साजरे करण्याची रीत जुनी आहे. मूल वर्षाचे झाले की पहिला वाढदिवस, साठी उलटली की षष्ट्यब्दी, पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव, आणि ज्यांना त्याहून अधिक दान लाभले त्यांचे सहस्रचंद्रदर्शन. इंदूर असो वा बडोदे, ग्वाल्हेर असो वा बेळगाव, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी कुटुंबांनी भाषेइतक्याच निष्ठेने या रीती जपल्या आहेत. त्यांच्या मुळाशी एकच जाणीव आहे : आयुष्य ही गृहीत धरण्याची वस्तू नव्हे, ते मोजून घ्यावे आणि मिळाल्याबद्दल हात जोडावेत.

परंतु एका प्रकारचे दीर्घायुष्य असे आहे की, त्याचा समारंभ आपण कधी केला नाही. उलट ते झाकून ठेवण्याकडेच आपला कल राहिला. कर्करोगाचे निदान झाल्यानंतर माणूस जी वर्षे जगतो, ती ही वर्षे.

या रोगाचे नावही आपल्या घरांत सरळ घेतले जात नसे. 'तो आजार', 'मोठे दुखणे', किंवा नुसतेच 'त्यांना टाटाला नेले आहे', एवढ्यावर सारे समजत असे. ऐकणारा मान हलवी, बोलणारा आवाज खाली आणी. गेलेल्यांची वार्ता दहाव्या-तेराव्याच्या निमित्ताने सर्वांना कळे. पण जे बरे होऊन परत आले, त्यांची वार्ता कोणी सांगितली नाही. मुलीचे लग्न व्हायचे आहे, मुलाची नोकरी नवी आहे, सासरी कळले तर काय म्हणतील, अशा कारणांनी ती घरच्या कपाटात कुलूपबंद राहिली. परिणाम असा झाला की, आपल्या समाजाच्या स्मरणात या रोगाने नेलेल्यांचीच नावे उरली. ज्यांना त्याने सोडले त्यांची नोंदच राहिली नाही. आज एखाद्या घरी नव्याने निदान होते, तेव्हा त्या घरच्या माणसांना आधारासाठी एकही उदाहरण आठवत नाही, आणि वस्तुतः तसे उदाहरण दोन गल्ल्या पलीकडे भाजी निवडीत बसलेले असते!

हा लेख त्या न सांगितलेल्या वार्तेविषयी आहे.

परळची वाट

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला मुंबईची वाट तीन कारणांनी ठाऊक असते : नातेवाईक, नोकरी आणि परळ. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा जन्मच मुळी एका मृत्यूतून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यानंतर वर्षभरातच दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पुढे १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. सामान्य प्रपंचाच्या माणसाला पेलेल अशा खर्चात तेथे उपचार होऊ लागले, त्याला हे कारण आहे.

या संस्थेच्या उभारणीत आपल्या परिचयाच्या मातीतील माणसे होती, हे आपण विसरू नये. रुग्णालय ज्या रस्त्यावर उभे आहे त्या रस्त्याला ज्यांचे नाव दिले आहे, ते शल्यवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मूळचे गोव्याचे. विकृतिशास्त्राचे थोर अभ्यासक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध शोधला. तंबाखूची गोळी गालात ठेवण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते तर त्यांनी अभ्यासलेच. पण धोतराचा काच वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी बसल्याने तेथील कातडीला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णनही त्यांनी १९४५ साली शास्त्रीय जगापुढे मांडले. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. त्याच केंद्रात पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशींचे संवर्धन करणारी प्रयोगशाळा उभारली आणि स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

परगावाहून येणाऱ्यांसाठी मुंबईने आणखी एक सोय केली. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा परळच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देत आली आहे. इंदूरहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या किती कुटुंबांनी तिच्या ओसरीवर अहवालाची वाट पाहिली असेल, त्याची गणती नाही. आपल्या लोकांचा आधार बहुधा नातेवाइकांचा. दादरच्या किंवा गिरगावच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसे असत; त्यांत रुग्ण आणि सोबतीचे माणूस यांची भर पडे, आणि दोन-दोन महिने कोणी तोंड वाकडे करीत नसे. या आजाराचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या दोन खोल्यांतील यजमानीणबाईंचेही नाव कोठे तरी लिहिले पाहिजे.

पडद्यावरचा रुग्ण

आपली समजूत घडवण्यात चित्रपटांचाही हात आहे. 'सफर' १९७० साली आला, 'आनंद' १९७१ साली, 'अंखियों के झरोखों से' १९७८ साली. तिन्ही चित्रपट लोकांनी डोळे पुसत पाहिले आणि तिन्हींत रुग्ण शेवटी जातो. 'आनंद'मधील नायकाचे हसतमुख धैर्य आपण सारे अद्याप आठवतो. पण त्या धैर्याने एक गोष्ट आपल्या मनावर नकळत ठसवली : या रोगात चांगले मरण एवढेच काय ते शक्य, चांगले जगणे नव्हे. त्या काळी काही रोगांच्या बाबतीत ते खरेही होते. आज ते सरसकट खरे नाही, हे मात्र आपल्या मनाने अजून स्वीकारलेले नाही.

अलीकडची दोन नावे सर्वांच्या माहितीची आहेत. श्री. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया आणि पुढील उपचार झाले, आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते सार्वजनिक जीवनात वावरले. सुपारीच्या सवयीबद्दलचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला आहे. अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी २०१८ साली आपला कर्करोग शरीरात पसरला असल्याचे स्वतःच जगाला सांगितले, केस गेलेल्या मस्तकानिशी छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि उपचारांनंतर त्या पुन्हा कामाला लागल्या. राजकारण वा चित्रपट यांविषयी कोणाचे काहीही मत असो. या दोघांनी आजार लपवला नाही, ही त्यांची समाजावरील मोठीच कृपा होय.

आकड्यांचा अर्थ

'डॉक्टरांनी सहा महिने सांगितले आहेत.' हे वाक्य ज्या घराने ऐकले, त्या घराला त्यापुढचे काही ऐकू येत नाही. या आकड्याचा अर्थ काय, हे एका रुग्णानेच फार चांगले सांगून ठेवले आहे.

स्टीफन जे गूल्ड हे हार्वर्ड विद्यापीठातील जीवाश्मशास्त्रज्ञ. १९८२ साली, वयाच्या चाळिशीत, त्यांना पोटाच्या अस्तराचा एक दुर्मीळ आणि भयंकर कर्करोग झाला. शुद्धीवर येऊन हिंडूफिरू लागताच ते ग्रंथालयात गेले. ग्रंथांत लिहिले होते : हा रोग असाध्य, निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने. दुसरा कोणी तेथेच कोसळला असता. गूल्ड यांना संख्याशास्त्र अवगत होते, म्हणून त्यांनी स्वतःस विचारले, मध्यक म्हणजे काय?

समजा, या रोगाच्या शंभर रुग्णांना त्यांच्या निदानानंतरच्या आयुष्याप्रमाणे रांगेत उभे केले. सर्वांत कमी जगलेला डावीकडे, सर्वांत अधिक जगलेला उजवीकडे. रांगेच्या मध्यावर जो उभा आहे, तो आठ महिने जगला, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पन्नास माणसे त्याच्या आधी गेली, पन्नास नंतर. जे आधी गेले, त्यांना शून्य ते आठ महिने इतक्याच जागेत दाटीवाटीने बसावे लागले. जे नंतर राहिले, त्यांच्यापुढे मात्र मोकळे मैदान आहे. कोणी दहा महिने, कोणी दोन वर्षे, कोणी वीस. तेव्हा मध्यक हा कोणाही एकाच्या कपाळी लिहिलेला लेख नव्हे. ती गर्दीच्या मध्यभागी रोवलेली एक काठी आहे. शिवाय हे आकडे पूर्वीच्या रुग्णांवरून काढलेले असतात. नवा उपचार आला की रांगच बदलते. आपले वय कमी आहे, रोग लौकर सापडला आहे, उपचार उत्तम मिळत आहेत, तेव्हा आपण त्या लांब पसरलेल्या उजव्या बाजूस असण्याचा संभव आहे, असा गूल्ड यांनी हिशेब केला. १९८५ साली त्यांनी याविषयी एक निबंध लिहिला, तो आजही रुग्णांच्या हाती दिला जातो. निदानानंतर ते वीस वर्षे जगले आणि २००२ साली वेगळ्याच एका कर्करोगाने गेले. त्या वीस वर्षांत त्यांनी ग्रंथामागून ग्रंथ लिहिले.

आम्ही हे सांगतो त्याचा अर्थ प्रत्येकाला वीस वर्षे मिळतीलच असा नव्हे. काही कर्करोग आजही निर्दय आहेत, आणि मनोधैर्याने गाठ विरघळते असे म्हणणे हे गेलेल्यांवर अन्याय करणारे आहे. ते धैर्यात कमी पडले म्हणून गेले नाहीत. परंतु आकडा ऐकून औषध थांबवणे, घर विकून देवदेव करीत हिंडणे, किंवा रुग्णासमोर आतापासूनच गेलेल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलणे, यांपैकी काहीही तो आकडा आपणांस करावयास सांगत नाही.

उजवी बाजू लांब कशी झाली

१९६० च्या दशकाच्या आरंभी रक्ताचा तीव्र कर्करोग झालेली मुले बहुधा काही महिन्यांत दगावत. आज प्रगत देशांत याच रोगाच्या बहुप्रचलित प्रकारातील दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. हे एका चमत्काराने झाले नाही. जुनीच औषधे कोणत्या क्रमाने, किती मात्रेने, किती काळ द्यावीत, याचे वर्षानुवर्षे काटेकोर प्रयोग झाले. भारतात १९८४ पासून मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील रुग्णालयांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने आपल्या परिस्थितीला मानवेल अशी उपचारपद्धती ठरवली आणि जगणाऱ्या मुलांची संख्या वाढू लागली. या कामात डॉ. सुरेश अडवाणी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. बालपणी पोलिओ झाल्याने चाकांच्या खुर्चीत बसूनच त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पुरे केले, आणि १९८३ साली टाटा रुग्णालयात देशातील पहिले अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केले.

जुनाट स्वरूपाच्या रक्तकर्करोगाची कथा याहूनही नाट्यमय. २००१ साली इमॅटिनिब नावाची गोळी अमेरिकेत मान्य झाली. ती रोगाला कारण होणाऱ्या एका सदोष प्रथिनावरच नेमका घाव घालते. त्याआधी हे रुग्ण सामान्यतः तीन ते पाच वर्षे काढीत. आता रोज गोळी घेऊन नोकरी-संसार करणारे आणि जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य लाभणारे रुग्ण आहेत. मूळ औषधाची किंमत भारतीय माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. त्याच्या एकस्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात राहिली. मधुमेह किंवा रक्तदाब यांच्यासारखा हाही आजार सांभाळून जगण्याचा झाला.

आणि सर्वांत साधा उपाय? लौकर पाहणे. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चाललेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्र नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत, एवढेच. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग व्हिनेगरमधील आम्लाचा बोळा लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने त्याच अभ्यासात तपासला गेला. तेथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सांगावयाचे एवढेच की, पुष्कळदा आयुष्य आणि मृत्यू यांमधील अंतर म्हणजे एका तपासणीचा संकोच असतो.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्याने गेले. हे दोन आकडे वर्तमानपत्रांत येतात. तिसरा आकडा फारसा कोणी छापीत नाही : मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेले लोक सुमारे ३२ लाख होते. त्याहून जुने रुग्ण वेगळेच. या लाखोंतील काही आपल्या आळीत राहतात.

तीन ऋतू

'बरे होणे' म्हणजे नेमके काय, हेही एका डॉक्टर-रुग्णानेच स्पष्ट केले. अमेरिकेतील डॉ. फिट्झह्यू मलन यांना १९७५ साली, बत्तिसाव्या वर्षी, छातीच्या पोकळीत कर्करोग झाल्याचे आढळले. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांनी लिहिले की, या रुग्णाच्या आयुष्यात तीन ऋतू असतात. पहिला निदानाचा आणि उपचारांचा. त्या वेळी माणूस आणि घर केवळ तग धरून असते. दुसरा उपचार संपल्यानंतरचा; आता डॉक्टर 'पुढच्या तपासणीला या' म्हणतात, नातेवाईक पांगतात, आणि प्रत्येक डोकेदुखीत जुन्या शत्रूची पावले ऐकू येतात. तिसरा ऋतू हळूहळू येतो. रोग परतण्याची शक्यता क्षीण होते, पण रोगाच्या आणि औषधांच्या खुणा शरीरावर, नोकरीवर, विम्यावर, मनावर राहतात. मलन त्यानंतर एकूण चव्वेचाळीस वर्षे जगले आणि २०१९ साली सत्त्याहत्तराव्या वर्षी गेले.

आपल्या कुटुंबांना पहिला ऋतू चांगला निभावता येतो. पैसे उभे करणे, रजा काढणे, रात्री जागणे यांत आपण कमी पडत नाही. कमी पडतो ते दुसऱ्या ऋतूत. 'आता झाले ना बरे, मग विसरा!' असे आपण प्रेमानेच म्हणतो, आणि ते माणूस एकटे पडते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला वर्षांनंतरही सूज येऊ शकते. त्या हाताने पाण्याची कळशी उचलू नये हे सांगावे लागते, पण कारण सांगता येत नाही म्हणून सून 'कामचुकार' ठरते. काही औषधांचा हृदयावर, मानेवरील किरणोपचारांचा गलग्रंथीवर कालांतराने परिणाम होतो. लहानपणी बऱ्या झालेल्या मुलांना याची विशेष जोखीम. म्हणून टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालू झाला. १९५१ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संस्थेच्या छत्राखाली अशा बऱ्या झालेल्या तरुणांनी 'उगम' नावाचा आपला गटही काढला. नाव सुरेख आहे. जेथे इतरांनी शेवट मानला, तेथे त्यांनी उगम पाहिला.

एक समारंभ

आमच्या परिचयातील एका बाईंची हकीकत येथे सांगतो. नाव त्यांच्या इच्छेवरून गाळले आहे. इंदूरमध्ये तीन पिढ्या राहिलेले कुटुंब. १९९८ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या स्तनात गाठ सापडली. रोग काखेपर्यंत पोहोचला होता. मुंबईत शस्त्रक्रिया, रासायनिक औषधे, किरणोपचार आणि पुढे पाच वर्षे गोळ्या, असे सारे झाले. घरी सांगितले गेले की, गर्भाशयाचे साधे ऑपरेशन झाले. थोरल्या मुलीचे लग्न ठरेपर्यंत ही गोष्ट चौघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती, आणि ठरल्यावरही सांगितली गेली नाही. केस परत येईपर्यंत त्या डोक्यावरचा पदर खाली पडू देत नसत. शेजारणी म्हणत, 'वहिनी अलीकडे फारच सोवळ्या झाल्या आहेत!'

२०२३ साली त्या घटनेला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा त्यांनी मुलांना सांगितले, 'माझी पंचाहत्तरी होईल तेव्हा होईल. मला ही पंचविशी करायची आहे.' घरात चलबिचल झाली. असे दिवस साजरे करतात का? दृष्ट लागेल, झाकली मूठ उघडू नये, असे म्हणणारे वडीलधारे होतेच. बाई ठाम राहिल्या. 'पंचवीस वर्षे मूठ झाकून ठेवली, आता बोटे दुखतात,' एवढेच त्या म्हणाल्या.

समारंभ साधा झाला. पुरणपोळीचे जेवण आणि पंचवीस दिव्यांचे औक्षण. आमंत्रितांत दादरच्या दोन खोल्यांत त्यांना ठेवून घेणाऱ्या मावशी होत्या, वय शहाऐंशी. त्यांना पहिल्या पाटावर बसवले. जेवणापूर्वी बाईंनी दोन गोष्टी केल्या. परळच्या त्या कक्षात त्यांच्यासोबत आणखी चार स्त्रिया होत्या. एक सोलापूरकडची, एक बिहारची, दोघी मुंबईच्या. त्यांपैकी तिघी पाच वर्षे पुरी करू शकल्या नाहीत. चौथीचा पत्ता पुढे लागला नाही. त्या चौघींची नावे त्यांनी सर्वांसमोर घेतली. मग आपल्याला काय झाले होते, हे रोगाच्या नावासह शांतपणे सांगितले.

त्यानंतर जे घडले त्यासाठी ही हकीकत आम्ही लिहितो. हात धुण्याच्या निमित्ताने एक तरुण सून त्यांच्यामागे मोरीपर्यंत गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, 'काकू, मला चार महिन्यांपासून गाठ लागते आहे. घरी बोलले नाही.' दुसऱ्या आठवड्यात काकूच तिला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. तिची गाठ साधी निघाली, हे तिचे नशीब. पण ती साधी निघाली नसती, तरी चार महिन्यांवर ते थांबले असते. वर्षावर गेले नसते. बोललेल्या एका वाक्याची ही किंमत आहे.

आपण काय करावे

आता दूरच्या प्रवासाची गरजही पूर्वीइतकी नाही. हैदराबादचे मेहदी नवाझ जंग रुग्णालय, अहमदाबादची गुजरात कर्करोग संशोधन संस्था, बंगळूरची किदवई संस्था यांनी आपापल्या प्रांतांत मोठे कार्य केले आहे. २०१२ पासून देशभरच्या कर्करोग-रुग्णालयांचे एक जाळे विणले गेले, ते याच हेतूने की उपचारांचा दर्जा सर्वत्र सारखा असावा. तरीही काही गोष्टी घरानेच करावयाच्या आहेत.

पहिली, कागद जपणे. विकृतिशास्त्राचा मूळ अहवाल, दिलेल्या औषधांची नावे व मात्रा, किरणोपचारांचा तपशील एका फायलीत लावून ठेवावा. वीस वर्षांनी एखाद्या नव्या डॉक्टरला त्याची गरज भासते. दुसरी, 'आता काय होणार!' म्हणून तपासण्या न सोडणे. तिसरी, घरातील इतरांनी आपले अंग तपासून घेणे. आई वा बहीण यांना हा रोग झाला असेल, तर मुलींनी डॉक्टरांस ते आवर्जून सांगावे. चौथी, तंबाखू आणि सुपारी. जेवणानंतर पानाचे तबक फिरवणे हे आपल्या आतिथ्याचे लक्षण, हे आम्ही जाणतो. पण ज्या तबकाने पाहुण्याचे आयुष्य आखूड होते, त्यात बडीशेप ठेवल्याने आतिथ्य उणे होत नाही.

पाचवी गोष्ट, जीसाठी हा सारा खटाटोप. आपल्या घरी असे कोणी असेल, तर त्यांचा दिवस मोजा. पाच वर्षांचा, दहा वर्षांचा, पंचवीस वर्षांचा. मोठे जेवण नको, मांडव नको. ज्यांना बोलावयाचे नाही त्यांच्यावर सक्तीही नको. शरीर त्यांचे, गोष्ट त्यांची. पण ज्यांना बोलावयाचे आहे त्यांना आपण 'गप्प बसा' म्हणू नये. अमेरिकेत १९८८ पासून जून महिन्याचा पहिला रविवार अशा लोकांचा दिवस म्हणून पाळला जातो आणि ती प्रथा अन्य देशांतही गेली आहे. आपणांस तारीख उसनी घेण्याचे कारण नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू आहे, गणेशोत्सवातील व्याख्यानाची संध्याकाळ आहे, कोजागिरीचा मेळावा आहे. महाराष्ट्र मंडळाच्या व्यासपीठावर दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. त्याच व्यासपीठावर एखादे वर्षी एखाद्या काकूने किंवा काकांनी उभे राहून दहा मिनिटे आपली हकीकत सांगितली, तर त्या सभागृहातील कोणा एकाला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाण्याचे बळ मिळेल, आणि कालच निदान झालेल्या एखाद्या घराला रात्री झोप लागेल.

महाराष्ट्राबाहेर राहून आपण भाषा टिकवली, ती मुख्यतः ती बोलत राहिल्यामुळे. जे बोलले जात नाही ते टिकत नाही, हा अनुभव आपल्याइतका कोणाला असणार? धीराचेही तसेच आहे. तो एका घरातून दुसऱ्या घरात शब्दांनीच जातो.